फुफी हलली नव्हती

मिरजेत दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्याला अब्बांचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर, त्याच्या काचेखाली नमुन्याचे फोटो, एक स्टूल आणि त्यामागे रंगवलेला पडदा. मागच्या खोलीला एक खिडकी होती, ती अब्बांनी विटा लावून बुजवून टाकली होती. तिथं लाल दिवा, एन्लार्जर, तीन ट्रे आणि कायमचा हायपोचा वास. शेजारच्या सतारमेकरांच्या गल्लीत तंबोऱ्याचे भोपळे ओळीनं मांडलेले असत आणि तारा जुळवण्याचा आवाज दिवसभर कानावर येई. त्या आवाजात आणि त्या वासात मी वाढलो.

स्टुडिओ चालायचा तो पासपोर्ट साइजच्या फोटोंवर. पण अब्बांचं खरं नाव होतं ते ग्रुप फोटोसाठी. शाळेचा दहावीचा वर्ग, रेल्वेत कुणी निवृत्त झालं तर त्याचा निरोप समारंभ, लग्नातला दोन्हीकडच्या मंडळींचा फोटो, अशा कामाला अब्बांना बोलावणं यायचं. मी तिपाई उचलायला बरोबर जात असे.

ग्रुप फोटोत एक गोष्ट मी फार लहानपणी पाहिली. कुणी कुठे बसायचं हे माणसांना सांगावं लागत नाही. खुर्च्या मांडल्या की साहेब मधल्या खुर्चीवर बसतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना हुद्द्याप्रमाणे माणसं भरत जातात. शिपाई, पाणी देणारी बाई, नव्यानं लागलेला पोरगा हे आपोआप टोकाला जातात. शाळेच्या फोटोत ज्याचा सदरा इतरांसारखा पांढरा नाही तो पोरगा कडेला सरकतो. लग्नात स्वयंपाकघरातून सर्वांत शेवटी बाहेर आलेली बाई कडेला उभी राहते, तीही अर्धी दाराआड.

अब्बा कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी या कडेच्या माणसांकडे जात. खुर्च्यांची रांग ते सरळ ठेवत नसत. दोन्ही टोकं एक पाऊल पुढे ओढून तिला किंचित कमानीचा आकार देत. मागच्या रांगेतल्या शेवटच्या माणसाला खांद्याला धरून आत घेत. दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी सोडत. मग तिपाई लावून भिंगाचं छिद्र लहान करत आणि सर्वांना श्वास रोखायला सांगत. एकदा मी विचारलं, एवढा वेळ का घालवता? ते म्हणाले, "बीच के आदमी को काच संभालता. कोने के आदमी को फोटूवालेने संभालना."

तेव्हा मला हे वाक्य अब्बांच्या चांगुलपणाचं वाटलं होतं. ते भिंगाच्या शास्त्राचंही वाक्य आहे, हे कळायला फार वर्षं गेली आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागली.

१९८३ साली छोट्या चाचांचं लग्न झालं. मी सतरा वर्षांचा होतो. वलीम्याच्या दिवशी संध्याकाळी घरच्या अंगणात सगळ्या खानदानाचा फोटो काढायचं ठरलं. अब्बा घरातले थोरले, ते फोटोत हवेतच. म्हणून कॅमेरा माझ्या हाती आला. दिवसभर मीच फोटो काढत होतो. कॅमेरा आमचा यशिका ६३५, दोन भिंगांचा, वरून खाली काचेत बघायचा. आत उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल. एका रोलमध्ये बारा फोटो. त्यातले अकरा मी संपवले होते.

ग्रुपचे दोन फोटो काढायचे हा अब्बांचा नियम. एकात कुणी डोळे मिटले तर दुसरा असावा. माझ्याकडे एकच उरला होता. तिपाई मी आळसानं स्टुडिओतच ठेवून आलो होतो. स्टुडिओ दहा मिनिटांच्या अंतरावर होता, पण मगरिबची वेळ जवळ आली होती, उजेड झपाट्यानं उतरत होता आणि पुरुषमंडळी घाई करत होती. वर एक बल्ब टांगला होता, त्याचा उपयोग नावालाच. कॅमेरा हातात धरायचा म्हणजे शटर फार वेळ उघडं ठेवता येणार नाही. माझा हात हलेल, लोक हलतील. म्हणून मी शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवलं आणि उजेडाची तूट भरून काढायला भिंगाचं छिद्र पूर्ण उघडलं, ३.५ वर.

पुढे मुलं सतरंजीवर, मधे खुर्च्यांवर बुजुर्ग आणि नवरदेव, मागे उभी मंडळी. खुर्च्या मी सरळ रेषेत मांडल्या. नवरदेवाच्या शेरवानीच्या गुंडीवर फोकस धरला. तेवढ्यात दादी म्हणाली, "अगे, उसकू बी बुलाव. घर की बेटी है."

ती म्हणजे फुफी, अब्बांची सर्वांत धाकटी बहीण. मागच्याच वर्षी लग्न होऊन सांगलीला गेलेली. सकाळपासून ती देगांजवळ होती. हात पुसत बाहेर आली आणि उजव्या टोकाला, सगळ्यांच्या मागे, दाराच्या पायरीवर उभी राहिली. शेजारच्या कट्ट्यावर पाण्याची तांब्याची घागर होती. मी म्हटलं, फुफी, आत ये, मधे ये. ती म्हणाली, "मैं हियाच रैती. तू निकाल." मी काढला.

फोटो धुऊन आला तेव्हा सगळे खूश झाले. हातात धरायचा छोटा फोटो होता, त्यात सगळी माणसं ओळखू येत होती. महिन्याभरानं दादीनं तो मोठा करून भिंतीवर लावायचं काढलं. एन्लार्जरखाली मी कागदावर चित्र पाडलं आणि माझ्या पोटात गोळा आला. नवरदेवाच्या शेरवानीचा प्रत्येक टाका मोजता येत होता. अब्बांच्या दाढीचा केस न् केस दिसत होता. डावीकडचा, उजवीकडचा शेवटचा माणूस जरा मऊ. आणि उजव्या कोपऱ्यात फुफीचा चेहरा पाण्यात पडलेल्या शाईसारखा पसरलेला. डोळ्यांच्या जागी दोन सावल्या.

घरात सगळ्यांनी विचारलं, हिचं असं काय झालं? मी म्हणालो, "फुफी हलली."

सगळ्यांना पटलं. फुफी होतीच तशी चपळ. दादी हसून म्हणाली, या पोरीला फोटोपुरतंसुद्धा थांबवत नाही. अब्बांनी निगेटिव्ह मागून घेतली, दिव्यासमोर धरून भिंगातून बराच वेळ पाहिली आणि परत पाकिटात ठेवली. बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याच्या चामडी केसच्या आतल्या बाजूला एक कागदाची पट्टी चिकटवलेली दिसली. तिच्यावर अब्बांच्या अक्षरात लिहिलं होतं: ग्रुप – ८ किंवा ११. तिपाई.

१९८६ साली दुसऱ्या बाळंतपणात फुफी गेली. मूलही गेलं. मागे राहिली दोन वर्षांची मुलगी.

फोटोवाल्याची बहीण, पण तिचे फोटो नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. फिल्मला पैसे पडत, ती गिऱ्हाइकासाठी असे. घरच्यांचे काढू कधीतरी. तिच्या सासरी फोटोची चाल नव्हती, त्यामुळे तिच्या लग्नातही कॅमेरा नव्हता. लहानपणीचे एकदोन फोटो तिनं सासरी नेले होते. ते मुलीनं जपून ठेवले होते, २००५ च्या पुरात सांगलीतल्या त्या घरात पाणी शिरलं तेव्हा ते गेले. उरला तो चाचांच्या वलीम्याचा फोटो. उजव्या कोपऱ्यातला.

आणि उरलं माझं वाक्य. फुफीची मुलगी आमच्याकडे सुट्टीला यायची. आपली अम्मी कशी होती असं विचारायची. भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून कुणी ना कुणी तिला सांगायचं, "तुझी अम्मी एक घडी स्वस्थ बसायची नाही. बघ ना, फोटोतसुद्धा हलली." माणूस गेलं की त्याच्याबद्दल दोनचार गोष्टीच शिल्लक राहतात. फुफीबद्दल शिल्लक राहिलेल्यातली एक मी खोटी घातली होती.

आपल्यावर आरोप येऊ नये म्हणून मी ते बोललो होतो. पण तेव्हा ते मला पुरतं खोटंही वाटत नव्हतं. कदाचित खरंच हलली असेल, असं मी स्वतःला सांगत असे. पुढे स्टुडिओ माझ्याकडे आला. जुनी पुस्तकं मिळतील तशी वाचत गेलो, आणि भिंग कुठे आणि का चुकतं ते हळूहळू समजत गेलं.

भिंगाशिवायही चित्र पडतं. अंधाऱ्या खोलीला बारीक भोक पाडलं की बाहेरचं दृश्य उलटं होऊन समोरच्या भिंतीवर उमटतं. सुमारे ९६५ साली बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहून काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी आपल्या 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात दिव्यांचा एक प्रयोग सांगितला आहे. भोकासमोर वेगवेगळ्या जागी दिवे ठेवले. प्रत्येक दिव्याचा उजेड आत भिंतीवर आपापल्या ठिकाणी पडला. एक दिवा झाकला की त्याचाच उजेड तेवढा नाहीसा झाला. कुणाचा उजेड कुणात मिसळला नाही. हे वाचताना मला आमच्या ग्रुप फोटोंची आठवण झाली. बारीक भोकाला जवळचा आणि लांबचा असा भेद नसतो. सगळं सारखंच स्पष्ट किंवा सारखंच मऊ. मधला आणि कडेचा यांतही फार अंतर नसतं. कड थोडी अंधारते, इतकंच. पण भोकातून उजेड येतो अगदी थोडा. माणसाला किती तरी वेळ दगडासारखं बसावं लागेल.

जास्त उजेड गोळा करायला भिंग आलं, आणि भिंगाबरोबर हा भेद आला. मोठ्या भिंगातून येणारे किरण एका ठराविक अंतरावरच्या वस्तूसाठीच नीट एका बिंदूत मिळतात. तिच्या पुढची किंवा मागची वस्तू असेल तर बिंदूच्या जागी छोटी चकती उमटते. चकती इतकी बारीक असली की डोळ्याला बिंदूच वाटावी, तोवर आपण ती वस्तू स्पष्ट म्हणतो. ज्या अंतरापासून ज्या अंतरापर्यंत हे चालतं त्या पट्ट्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. छिद्र लहान केलं की चकत्या बारीक होतात आणि पट्टा वाढतो.

दुसरा भेद मध्य आणि कड यांचा. भिंगाच्या अगदी समोरून येणारे किरण सरळ येतात, कडेचे तिरपे येतात. तिरप्या किरणांना एकत्र आणणं अवघड. कडेच्या उजेडाच्या ठिपक्याला धूमकेतूसारखी शेपटी फुटते. शिवाय भिंगाला स्पष्ट दिसणारी पातळी भिंतीसारखी सपाट नसते, ती टोकांना कॅमेऱ्याकडे वाकलेली असू शकते. १८४० साली व्हिएन्नात पेट्झवाल यांनी चेहऱ्यांच्या फोटोसाठी भिंग तयार केलं. त्यात उजेड भरपूर येई, मधला चेहरा लख्ख येई आणि कडा विरघळून जात. एकट्या बसलेल्या माणसाच्या फोटोला त्याची अडचण नव्हती. १८९३ मध्ये इंग्लंडात डेनिस टेलर यांनी तीन काचांचं भिंग काढलं, दोन फुगीर आणि त्यांच्यामधे एक खोलगट. त्यानं कड पुष्कळ सुधारली. आमच्या यशिकातलं भिंग याच तीन काचांच्या जातीचं. छिद्र ८ किंवा ११ वर नेलं की कोपऱ्यापर्यंत चांगलं काम द्यायचं. पूर्ण उघडलं की फक्त मधल्यांचं व्हायचं.

अब्बा ही पुस्तकं वाचलेले नव्हते. पण खुर्च्यांची कमान कशासाठी, कडेला हातभर जागा कशासाठी, छिद्र लहान कशासाठी, हे त्यांच्या हातांना माहीत होतं. भिंगाची स्पष्ट पातळी जिकडे वाकते तिकडे ते माणसांना वाकवत होते. जिथं भिंग कच्चं पडतं त्या पट्टीत ते कुणालाच उभं करत नव्हते.

मग मी एकदा हिशेब मांडला. फोकस पंधरा फुटांवर होता. आमच्या भिंगाला ३.५ वर साधारण तेरा ते सतरा फूट एवढाच पट्टा स्पष्ट मिळतो. फुफी खुर्च्यांच्या मागे पायरीवर होती, म्हणजे वीस फुटांच्या आसपास. छिद्र ८ वर असतं तर हाच पट्टा पावणेबारापासून एकवीस फुटांपर्यंत गेला असता. ती त्यात बसली असती. त्यासाठी उजेड पाचपट वेळ घ्यावा लागला असता. सेकंदाच्या पन्नासाव्या भागाऐवजी दहावा. आणि दहाव्या भागासाठी लागली असती तिपाई. दहा मिनिटांवरची.

हिशेब कळला तरी बरीच वर्षं मी गप्प बसलो. अब्बा गेले. २०१६ साली स्टुडिओ बंद केला. आता तिथं पुतण्या मोबाइलची कव्हरं विकतो. फोटोतल्या धूसरपणाचा अर्थही मधल्या काळात पालटला. फोनचं भिंग आणि त्यामागची चकती दोन्ही इतकी लहान, की त्यात जवळचं-लांबचं बहुतेक सगळं स्पष्टच येतं. तर पोरांना ते नको असतं. मागचं धूसर हवं असतं, आणि फोन ते हिशेबानं करून देतो. फोनच्या रुंद भिंगात ग्रुप काढला की कडेची माणसं ताणली जातात. पुतण्याची बायको मुलींना सांगते, कोपऱ्यात उभ्या राहू नका, जाड्या दिसाल. कडेचं दुखणं गेलेलं नाही, त्यानं फक्त रूप बदललं आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात फुफीच्या मुलीचा फोन आला. तिच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. म्हणाली, "भाईजान, अम्मीचा चेहरा फोनमध्ये साफ करून मिळतो म्हणे. घरात लावायचा आहे. माझ्या मुलीनं नानीला बघितलेलंच नाही." मग अडखळून म्हणाली, "मी तरी कुठे बघितलंय?"

मी निगेटिव्ह शोधून स्कॅन केली. पुतण्याच्या मुलानं तो कोपरा कापून फोनमध्ये घातला, एक बटण दाबलं आणि काही क्षणांत चेहरा तयार झाला. पापण्या, भुवयांचे केस, ओठांची कड, सगळं रेखीव. पोरगं म्हणालं, बघा, आली. मला क्षणभर खरंच वाटलं, आली.

तो फोन घेऊन मी अम्मीकडे गेलो. अम्मी नव्वदीच्या घरात आहे, पण चष्मा लावला की नजर शाबूत. सून म्हणून घरात आली तेव्हापासून फुफीला तिनंच न्हाऊमाखू घातलेलं. तिनं फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला आणि विचारलं, "ये कोन है रे?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोननं फुफीचे डोळे शोधून काढले नव्हते. निगेटिव्हमध्ये ते नव्हतेच. तिथं दोन सावल्या होत्या. हजारो दुसऱ्या बायकांचे डोळे पाहून तयार झालेल्या यंत्रानं त्या सावल्यांत बसतील असे डोळे तिथं बसवले होते. अब्बाही पेन्सिलीनं निगेटिव्हवर टचिंग करत, मुरूम घालवत, सुरकुती हलकी करत. पण असलेल्या चेहऱ्यावर करत. नसलेला चेहरा त्यांनी कधी काढला नाही. फुफीच्या निगेटिव्हवर तर त्यांनी पेन्सिल टेकवलीच नव्हती.

त्या रात्री मी अब्बांचं जुनं भिंग काढलं आणि निगेटिव्ह दिव्यासमोर धरली. एक्केचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी धरली होती तशी. फुफीच्या नाकात चमकी होती. वरच्या बल्बचा उजेड तिच्यावर पडलेला. तो ठिपका गोल नव्हता, त्याला शेपटी होती. माझं काळीज धडधडलं. हललेल्या वस्तूचा ठिपकाही असाच ओढला जातो. म्हणजे हललीच होती का?

मग माझी नजर शेजारी गेली. कट्ट्यावरची तांब्याची घागर. तिच्या गळ्यावरही बल्बचा उजेड चमकत होता, आणि त्या ठिपक्यालाही तशीच शेपटी होती, त्याच दिशेची, तेवढीच लांब. फुफीच्या बांगडीवरचा ठिपकाही तसाच. डाव्या कोपऱ्यात खिडकीच्या कडीवर चमक होती, तिची शेपटी बरोबर उलट्या दिशेला. सगळ्या शेपट्यांचा रोख फोटोच्या मध्याकडे जुळत होता. पायरीवरची बाई हलू शकते. घागर हलत नाही.

अब्बांनी त्या दिवशी हेच पाहिलं असणार. बल्ब, घागर, चमकी. सगळं समजून त्यांनी पाकीट मिटलं आणि मला उघडं पाडण्याऐवजी कॅमेऱ्याच्या केसमध्ये कागदाची पट्टी चिकटवली. माझी अब्रू राखली. पण त्यांच्या बहिणीवर आलेला आळ मात्र तसाच राहिला. त्यांना त्याचं काय वाटलं असेल, हे विचारायला आता ते नाहीत.

फोनमधला तो चेहरा मी पुसून टाकला. मुंबईहून थोडा कागद आणि डेव्हलपर मागवला. न्हाणीघराची खिडकी काळ्या कापडानं बंद केली, लाल दिवा लावला. एन्लार्जर केव्हाच विकला होता, पण त्याची गरज नव्हती. निगेटिव्ह कागदावर ठेवली, वर काच दाबली आणि साधा बल्ब क्षणभर पेटवून विझवला. निगेटिव्हएवढाच फोटो, जेमतेम सव्वादोन इंच लांब-रुंद. ट्रेमध्ये कागद हळूहळू काळा होत गेला. मधे चाचा, त्यांच्या बाजूला अब्बा, खाली मुलं. आणि कोपऱ्यात फुफी.

त्या आकारात ती स्पष्ट होती. स्पष्टपणाचा हिशेब फोटो केवढा केला आणि किती जवळून पाहिला यावरही असतो. जी चकती मोठ्या फोटोत डोळा पुसून टाकते ती लहान फोटोत बिंदूएवढीच राहते. दादीला, सगळ्यांना पहिल्या दिवशी तो फोटो आवडला होता तो यामुळेच. घोळक्यात, घोळक्याच्या मापानं पाहिली तर फुफी दिसत होती. एकटीला जवळ घेऊन पाहायला गेलं की ती विरघळत होती.

फोटो घेऊन मी सांगलीला गेलो. फुफीच्या मुलीनं तो तळहातावर घेतला. आता तीही चाळिशी ओलांडलेली, चष्मा लागलेला. एवढासाच का, म्हणाली. मी म्हटलं, याच्यापेक्षा मोठा केला तर ती राहत नाही. मग मी सगळं सांगितलं. तिपाई, छिद्र, सरळ मांडलेल्या खुर्च्या, चमकी आणि घागर. शास्त्र तिला किती समजलं ठाऊक नाही. मी थांबल्यावर तिनं एकच विचारलं.

"म्हणजे अम्मी हलली नव्हती?"

"नाही. अगदी स्थिर उभी होती. चूक माझी होती."

ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं रागावली. रागवायचा तिला हक्क होता. एक्केचाळीस वर्षं फार होतात. मग तिनं तो छोटा फोटो डोळ्यांपासून हातभर लांब धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मुलीला हाक मारली. मुलगी ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून आली. फुफी आली होती तशीच, हात पुसत.

"ये तेरी नानी," ती म्हणाली. "किती शांत उभी आहे बघ."